विद्यापीठाचा सामायिक क्लाउड: सर्व्हरची ऑर्डर देण्याआधीची तयारी

कुठल्याही विद्यापीठाच्या आवारात सर्व्हर कमी नसतात. फिजिक्समध्ये एखाद्या प्रकल्पातून आलेला असतो, संगणकशास्त्रात दोन असतात, बायोइन्फर्मॅटिक्सच्या प्रयोगशाळेत एक टेबलाखाली घरघरत असतो. यातले बरेचसे दिवसभर रिकामे, आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्याकडे नेमका नाही. म्हणून सगळं एकत्र आणून सामायिक क्लाउड उभा करायचं ठरतं. ठरलं की पहिला हात कोटेशनकडे जातो, आणि मार्चएन्ड जवळ आला असेल तर विचारायलाच नको. माझ्या मते मात्र खरेदी या यादीत बरीच खाली यायला हवी.

सगळ्यात आधी कोणाला काय लागतं ते विभागात जाऊन विचारा. परिपत्रक काढून मागवू नका. परिपत्रकाला उत्तर म्हणून प्रत्येक विभाग ‘जास्तीत जास्त’ एवढंच कळवतो. समोर बसून विचारलं की आकडे जमिनीवर येतात. साठ विद्यार्थ्यांच्या डेटाबेस प्रात्यक्षिकाला प्रत्येकी ४ जीबी रॅमची व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला वेगळा संगणक) दिली तर २४० जीबी झाली, तीही आठवड्यातून दोन दुपारी. संशोधकाचं काम उलट: मशीन एकच, पण तीन महिने अखंड चालणारी. प्रोसेसर आहेत त्यापेक्षा थोडे वाढवून वाटता येतात, कारण सगळे एकाच क्षणी वापरत नाहीत. चार जणांना एक कोअर असं धरून प्रात्यक्षिकं व्यवस्थित निभावतात. रॅमच्या बाबतीत ही चलाखी करू नका. आणि सगळा हिशेब एक सर्व्हर बंद पडलाय असं धरून मांडा.

आता वाटपाचे नियम. हे काम सर्वात कंटाळवाणं, म्हणून सर्वात जास्त टाळलं जातं, आणि पुढे सामायिक क्लाउड कोलमडतो तो बहुतेक यामुळेच. मशीन मागण्याच्या अर्जावर चार गोष्टी सक्तीच्या करा: मागणाऱ्याचं नाव, जबाबदार प्राध्यापकाचं नाव, काम आणि संपण्याची तारीख. तारखेशिवाय एकही मशीन देऊ नका, विभागप्रमुखांनासुद्धा नाही. मुदत संपायच्या पंधरा दिवस आधी मेल, संपल्यावर मशीन बंद, आणखी महिन्याने डिस्क पुसायची. हे लेखी ठेवून त्यावर कुलसचिवांची सही घ्या. सही नसेल तर पीएचडी संपवून बंगळुरूला गेलेल्या विद्यार्थ्याची मशीन वर्षानुवर्षं चालू राहते आणि ती बंद करायचं धाडस कोणी करत नाही. लॉगिन विद्यापीठाच्याच खात्याला जोडा. पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) निष्क्रिय झाला की क्लाउडचं दारही आपोआप बंद व्हायला हवं.

याच टप्प्यावर डेडस्टॉक रजिस्टरचा, म्हणजे विभागाच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीचा, प्रश्न सोडवा. विभागाने प्रकल्पाच्या पैशातून घेतलेला सर्व्हर संगणक केंद्राच्या रॅकमध्ये आणला, तरी त्याची नोंद विभागाच्याच रजिस्टरला राहते. वार्षिक पडताळणीला येणारा माणूस तो विभागात शोधतो, सापडत नाही, आणि विभागप्रमुखांना खुलासा द्यावा लागतो. असा एक खुलासा दिला की ते दुसरा सर्व्हर देत नाहीत. त्यामुळे हस्तांतर करायचं की नुसती ‘सध्याचे ठिकाण’ अशी नोंद घालायची, हे लेखा विभागाशी बोलून लेखी ठरवून घ्या. मोबदल्यात विभागाला तेवढ्या क्षमतेचा राखीव वाटा द्या, म्हणजे कुरबुरी कमी होतात.

मग खोली. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर येते, आणि एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता काढतो. चार साधे सर्व्हर आणि स्विच मिळून अडीच-तीन किलोवॅट होतील. ते जमून जातं. पण मध्येच कोणीतरी एआयसाठी जीपीयूचा (ढीगभर आकडेमोड एकदम करणाऱ्या कार्डांचा) विषय काढतो. एन्व्हिडियाच्या आठ ए-१०० कार्डांच्या डीजीएक्स पेटीची कमाल वीज ६.५ किलोवॅट आहे, म्हणजे त्या एका पेटीसाठी दोन टनांचा एसी, तोही चोवीस तास चालणारा. ऑफिसचा स्प्लिट एसी त्यासाठी बनलेला नसतो, म्हणून दोन लावून आलटून पालटून चालवा. यूपीएस, जनरेटरचं आपोआप बदलणारं स्विच आणि अर्थिंगचा ताजा रिपोर्ट हे ऑर्डरच्या आधी हातात हवं. पुण्यात महावितरणची दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात. तिथल्या कॅम्पसने जनरेटरची चाचणी बुधवारी घ्यावी. आणि एसी यूपीएसवर नसतो हे विसरू नका: सर्व्हर चालू, थंडावा बंद, अशा अवस्थेत लहान खोली फार लवकर तापते.

साठवणुकीचं गणित कागदावर करा, कारण इथे कोटेशनमधला आकडा आणि हाती येणारी जागा यांचा मेळ नसतो. समजा सेफ (Ceph) हे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणारं सॉफ्टवेअर वापरताय. तीन सर्व्हर, प्रत्येकात ८ टीबीच्या आठ डिस्क, म्हणजे १९२ टीबी. सेफ नेहमीच्या मांडणीत प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतो, म्हणजे उरले ६४. डिस्क ८५ टक्के भरली की इशारे सुरू होतात, ९५ टक्क्यांना लिहिणंच थांबतं. तेव्हा वापरायला धरा ५४. शिवाय तीनच सर्व्हर असतील तर एक गेल्यावर तिसरी प्रत ठेवायला जागा नसते. चौथ्याचे पैसे आत्ताच मागून घ्या. तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल तिन्ही ठिकाणाहून एकदमच जाते. बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा.

सॉफ्टवेअरवर सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून थोडक्यात. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) घेतली आणि एकदाच विकत घ्यायचे परवाने बंद करून वर्गणी लावली, तेव्हापासून ओपन सोर्सकडे ओढा वाढला आहे. त्यातलं ओपनस्टॅक हे क्लाउड चालवायचं सॉफ्टवेअर २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांच्या कामातून सुरू झालं. सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते २०१३ पासून चालतं. पण सर्नकडे ते सांभाळायला पथक आहे. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि अद्ययावत करणं हे स्वतंत्र काम होऊन बसतं. दहाच्या आत सर्व्हर आणि दोन माणसं असतील तर प्रॉक्समॉक्स हे त्याच कामाचं साधं सॉफ्टवेअर घ्या.

नेटवर्कमध्ये साठवणुकीची वाहतूक वेगळ्या स्विचवर ठेवा, किमान १० गिगाबिट. बाहेरच्या जगाला काहीही थेट उघडं ठेवू नका. सोप्या पासवर्डची मशीन एसएसएचसाठी (दुरून लॉगिन करण्यासाठी) उघडी राहिली की तिच्यावर कोणीतरी क्रिप्टोचं खाणकाम सुरू करतं, आणि ते कळतं प्रोसेसर दिवसरात्र शंभर टक्क्यांवर दिसला की. तेव्हा फक्त की-लॉगिन (पासवर्डऐवजी किल्लीची फाइल), तेही व्हीपीएनमधून, म्हणजे विद्यापीठाच्या नेटवर्कात शिरायच्या सुरक्षित वाटेने. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (यंत्रणेत काय घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात, सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते, आणि सगळ्या मशीनची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळलेली हवीत. लॉगला लागणारी जागा वरच्या ५४ टीबीतून काढा, आणि सहा तासांत कळवणार कोण त्याचं नाव ठरवा. नुसता हुद्दा लिहून भागत नाही, रविवारी फोन उचलणारं माणूस हवं.

माणसांची गोष्ट निघाली म्हणून: किमान दोघं, आणि त्यातला एक तरी कायम पदावरचा. दोघंही अकरा महिन्यांच्या करारावर असतील तर सगळे पासवर्ड आणि सगळी माहिती करार संपताना गेटबाहेर जाते. पासवर्ड सीलबंद पाकिटात कुलसचिवांच्या कपाटात असू द्या. जुनाट वाटतं, पण चालतं.

खुला करण्याआधी एकाच विभागाला महिनाभर वापरायला द्या. त्या महिन्यात एका चालू सर्व्हरची वायर काढून बघा, एक डिस्क उपसून बघा, आणि एखादी पुसलेली मशीन बॅकअपवरून परत उभी करून किती वेळ लागला ते लिहून ठेवा. हा पहिला विभाग संगणकशास्त्र असावा. तिथली पोरं मशीन मोडतात आणि कशी मोडली ते सांगतातही. परीक्षा विभागाला सगळ्यात शेवटी घ्या, तेही निकाल लागून गेल्यावर.