रोजच्या कामात उद्देश कसा शोधावा

नोकरीला पाच-सात वर्षे होतात, हातातले काम डोळे मिटूनही जमू लागते, घराचे हप्ते वेळेवर जात असतात, आणि तरीही सकाळी कामावर निघताना पाय जड होतात. ही अवस्था अनेकांच्या वाट्याला येते आणि तिचा आळसाशी फारसा संबंध नसतो. अशा वेळी बहुतेकांना एकच सल्ला मिळतो : आपल्याला मनापासून काय आवडते ते शोधा. माझ्या मते हा सल्ला अपुरा आहे, कारण तो माणसाला स्वतःच्या आत डोकावायला सांगतो आणि थकलेल्या माणसाला आत डोकावून थकव्याखेरीज फारसे काही सापडत नाही. उद्देश हवा असेल तर आपले काम ज्याच्यापर्यंत पोहोचते त्या माणसाकडे आधी पाहावे लागते. उत्साह त्यानंतर येतो, आणि तोही बहुधा काम सुरू केल्यावर येतो. पुढची पद्धत याच क्रमाने मांडली आहे. तिचा पहिला भाग सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याविषयी अधिक विस्ताराने लिहिले आहे.

कामाच्या टोकाला असलेला माणूस

आजची बहुतेक कामे अनेक हातांत वाटलेली असतात आणि प्रत्येकाला आपल्यापुरताच तुकडा दिसतो. महसूल खात्यातील वारस नोंदीचे उदाहरण घेऊ. शेतकऱ्याचा मृत्यू झाला की त्याचे वारस मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करतात. चौकशीनंतर वारसांची नावे गाव नमुना ६-क या वारसांच्या नोंदवहीत लिहिली जातात, फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद धरली जाते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर नवी नावे चढतात. या साखळीतल्या कोणालाही विचारले तर तो आपले काम नोंदी निकाली काढण्याचे आहे असे सांगेल. परंतु साखळीच्या टोकाला बऱ्याचदा नुकताच नवरा गमावलेली एक बाई असते, आणि सातबाऱ्यावर नाव लागल्याशिवाय तिला सोसायटीचे पीककर्ज मिळवताना अडचण येते. पेरणीपूर्वी प्रमाणित झालेली नोंद आणि पेरणीनंतर प्रमाणित झालेली नोंद दप्तरात सारखीच दिसते. तिच्या घरात मात्र त्या दोन नोंदींमध्ये एका हंगामाचे अंतर पडलेले असते.

म्हणून पहिली कृती अशी करावी. आपण नेहमी करतो त्यांपैकी एकच काम निवडावे, शक्यतो ज्याचा सर्वांत जास्त कंटाळा येतो ते निवडावे, आणि ते आपल्या हातून सुटल्यावर कोणाकडे जाते, तो त्याचे काय करतो, पुढे ते कोणाच्या हाती पडते हे कागदावर क्रमाने लिहावे. लाभार्थी, ग्राहक, वरिष्ठ कार्यालय असे शब्द लिहून थांबू नये. ज्याचे गाव, वय आणि अडचण सांगता येईल असा माणूस येईपर्यंत पुढे जात राहावे. पगारपत्रक करणाऱ्या लेखनिकाची साखळी एखाद्या शिपायाच्या मुलीच्या फीपर्यंत जाते. औषधांच्या गोदामात खोकी लावणाऱ्याची साखळी तालुक्याच्या दुकानात इन्सुलिन मागायला आलेल्या रुग्णापर्यंत पोहोचते. दिवसभर फक्त कॉलर जोडणाऱ्या शिलाई कामगाराची साखळी जून महिन्यात नवा गणवेश घालून शाळेत निघालेल्या मुलापाशी संपते. लिहिताना एखाद्या ठिकाणी पुढचे काहीच माहीत नाही असे लक्षात येईल; तेथे खूण करावी, कारण आपला उद्देश बहुधा त्याच जागी हरवलेला असतो.

खूण केलेल्या जागी प्रत्यक्ष जावे. पुढच्या विभागातील सहकाऱ्याला त्याच्या टेबलापाशी जाऊन भेटावे, आपल्या कामातली कोणती चूक त्याला सर्वांत अडचणीची ठरते ते विचारावे, आणि जमल्यास आपले काम वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी दहा मिनिटे बोलावे. वाचून किंवा ऐकून हे साधत नाही. अॅडम ग्रांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांची पाहणी केली होती. काही कर्मचाऱ्यांची त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घालून दिली. काहींना विद्यार्थ्याचे पत्र फक्त वाचायला दिले. महिन्याभरानंतर भेट झालेले कर्मचारी पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ दूरध्वनीवर बोलत होते आणि त्यांनी जमवलेली रक्कमही मोठ्या प्रमाणात वाढली होती, तर पत्र वाचणाऱ्यांच्या कामात तसा बदल दिसला नाही. पगार, वेळ आणि काम पूर्वीचेच होते; त्यांना फक्त माणूस दिसला होता.

साखळीच्या टोकाला कधी कधी कोणीच सापडत नाही. दर महिन्याला भरला जाणारा आणि कोणीही न उघडणारा तक्ता अनेक कार्यालयांत असतो. असा तक्ता आढळला तर त्यात उद्देश शोधत बसण्याऐवजी तो बंद करता येईल का, असे वरिष्ठांना लेखी विचारणे योग्य. आणि टोकाला असलेल्या माणसाचे आपल्या कामामुळे नुकसान होत असेल, उदाहरणार्थ निवृत्त माणसाला त्याला न परवडणारी पॉलिसी गळ्यात मारण्याचे उद्दिष्ट आपल्यावर लादलेले असेल, तर कामाची टाळाटाळ करणारे मन बरोबर आहे, त्याला उत्साहाचे डोस पाजू नयेत.

काम थोडे आपल्या हाताने घडवावे

नेमून दिलेले काम माणूस स्वतःहून थोडे बदलून घेतो आणि त्यामुळे ते त्याला अर्थपूर्ण वाटू लागते, या एमी रेझनेव्स्की आणि जेन डटन या संशोधकांनी २००१ मध्ये मांडलेल्या विचाराचा उगम रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांशी झालेल्या संवादात होता. काही कर्मचारी नेमून दिलेली यादी पूर्ण करून थांबत असत. काही मात्र वाट चुकलेल्या नातेवाइकाला वॉर्ड दाखवणे, रुग्णाशी दोन शब्द बोलणे, परिचारिकेच्या सोयीने साफसफाईची वेळ ठरवणे हेही आपल्या कामात धरत असत, आणि त्यांना आपले काम अधिक मोलाचे वाटत असे. हुद्दा दोघांचा एकच होता. आपल्या कामात असा बदल करण्यास सहसा कोणाची परवानगी लागत नाही. नकारार्थी उत्तराच्या पत्रात कोणता कागद कमी आहे आणि तो कोठे मिळतो हे एका ओळीत लिहावे, नव्याने रुजू झालेल्याला महिनाभर काम शिकवण्याची जबाबदारी मागून घ्यावी, ज्या कामात आपला हात चांगला चालतो ते सकाळच्या ताज्या वेळेला घ्यावे. एका वेळी एकच बदल करावा आणि तो महिनाभर टिकवावा.

येथे एक इशारा मी आग्रहाने देतो. सेवाभावाच्या नावाखाली फुकट काम करून घेण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि तिचा भार घरातल्या स्त्रियांवर, आशा सेविकांवर, अंगणवाडी कर्मचाऱ्यांवर सर्वांत जास्त पडतो. मानधन वेळेवर मिळत नसेल, सुट्टी मिळत नसेल, चारचौघांत पाणउतारा होत असेल, तर तो प्रश्न उद्देशाचा नसून न्यायाचा आहे, आणि त्यासाठी संघटना, तक्रार आणि मागणी हेच मार्ग आहेत. रोज रस्ते झाडणाऱ्या संत गाडगे महाराजांचा दाखला अशा वेळी दिला जातो, पण तो अर्धाच दिला जातो. गाडगे महाराज गावात आले की दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत असत आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून कर्ज, दारू, अंधश्रद्धा यांबद्दल उलट प्रश्न विचारत असत. मुकाट्याने राबणे ही त्यांची शिकवण कधीच नव्हती.

संध्याकाळच्या तीन ओळी

तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी ७ कंपन्यांतील २३८ जणांना कामाच्या दिवसांच्या नोंदी लिहायला सांगितल्या आणि अशा सुमारे १२ हजार नोंदी तपासल्या. दिवस चांगला जाण्यामागे सर्वांत मोठे कारण आढळले ते महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात थोडीशी का होईना प्रगती झाल्याचे. व्यवस्थापकांना मात्र हे कारण सर्वांत कमी महत्त्वाचे वाटत होते. म्हणजे आपली प्रगती दुसऱ्या कोणाच्या लक्षात येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ती स्वतःच लिहून ठेवावी लागते.

त्यासाठी साधी वही पुरते. काम संपल्यावर आज काय पुढे सरकले, ते कोणाच्या उपयोगी पडेल आणि उद्या नेमकी कोठून सुरुवात करायची, अशा तीन ओळी लिहाव्यात. सर्व दिवसभराचा हिशेब लिहू नये, कारण मग वही दोन आठवड्यांत बंद पडते. घरकाम करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. भांडी घासली की पुन्हा पडतात, पोळ्या केल्या की संपतात, म्हणून पुढे सरकल्याची खूण कामात उरतच नाही. त्यांनी पूर्ण झालेल्या कामाऐवजी बदललेला माणूस लिहावा : मुलाने आज स्वतःहून दप्तर भरले, सासूबाईंची साखर या महिन्यात आटोक्यात आली. जे घरकाम कोणाला दिसत नाही ते अशा नोंदीमुळे निदान करणाऱ्याला दिसू लागते. मात्र तेवढ्याने घरातल्या इतरांची वाटणी माफ होत नाही.

उत्साह नसताना सुरुवात कशी करावी

इच्छा झाली की करू, हा क्रम बहुतेक वेळा उलटा चालतो. नैराश्यावर उपचार करताना पीटर लुइनसोन यांनी १९७० च्या दशकात जो मार्ग विकसित केला त्यात मन ताळ्यावर येण्याची वाट न पाहता आधी छोटी, ठरलेली कृती करायला सांगितली जात असे, कारण कृतीतून मिळणाऱ्या समाधानाने मन हळूहळू सावरते. निरोगी माणसाच्या रोजच्या कंटाळ्यालाही हेच लागू पडते. पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनाने त्यात एक उपयुक्त भर घातली : नुसता निश्चय करण्यापेक्षा कोणत्या क्षणी आणि कोठे काय करायचे हे आधीच ठरवले तर काम होण्याची शक्यता वाढते. ‘जुनी प्रकरणे संपवीन’ हा निश्चय झाला. ‘सकाळचा चहा संपला की इतर काही उघडण्याआधी सर्वांत जुनी फाइल काढीन आणि तिच्यावर पहिली टिपणी लिहीन’ ही योजना झाली. तिच्यात वेळ आहे, वस्तू आहे आणि सुरुवातीची कृती इतकी लहान आहे की ती टाळण्यास सबब उरत नाही.

नोकरीबाहेरचा उद्देश

पोटासाठीचे काम आणि जगण्याचा उद्देश एकच असला पाहिजे, अशी समजूत अलीकडे फार पसरली आहे आणि तिने तरुणांचे नुकसान केले आहे असे मला वाटते. संत सावता माळी यांनी अरणच्या मळ्यातच आपला विठ्ठल पाहिला, ते पंढरीला गेले नाहीत, उलट पांडुरंगाचीच पालखी अरणला येते, ही परंपरा आपल्याला प्रिय आहे. ज्याचे काम आणि भक्ती अशी एक झाली तो भाग्यवान. पण लालबाग-परळच्या गिरणगावातले जीवनही तितकेच खरे होते. साच्यावर पाळी भरून आलेला कामगार भजनी मंडळात पखवाज धरत असे, व्यायामशाळेत पोरांना शिकवत असे, गणेशोत्सवाच्या नाटकात उभा राहत असे. गिरणीने त्याला पगार दिला, अर्थ त्याला चाळीत मिळाला. आजही राज्य नाट्य स्पर्धेसाठी रात्री तालीम करणारे अनेक जण दिवसा बँकेत किंवा शाळेत नोकरी करतात. नोकरी ठीक आहे पण तिच्यात मन भरत नाही, अशांनी आठवड्यातून दोन ठरलेल्या संध्याकाळी असे काही निवडावे ज्यात इतर माणसे आपली वाट पाहतील : वाचनालय, गटाने केलेली गडाची साफसफाई, शेजारच्या मुलांचा गणिताचा वर्ग. एकट्याने करायचा छंद चांगलाच असतो, परंतु आपण गेलो नाही तर कोणाचे तरी अडते, ही जाणीव त्यात नसते.

डॉक्टर, आणि नोकरी बदलण्याचा प्रश्न

कामच नव्हे तर पूर्वी आवडणाऱ्या सर्वच गोष्टी नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक बिघडली असेल, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर वही आणि योजना बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. जगणेच नकोसे वाटत असेल तर त्याच क्षणी फोन करावा आणि घरातल्या एकाला तरी सांगावे.

प्रकृती ठीक असेल तर नोकरी सोडण्याचा निर्णय तीन महिन्यांच्या नोंदी हाताशी आल्यावरच घ्यावा. वही उघडून चांगल्या दिवसांवर खूण करावी आणि त्या दिवशी आपण काय करत होतो, कोणाबरोबर होतो ते पाहावे. चांगले दिवस जवळजवळ सर्व लोकांना प्रत्यक्ष भेटण्याचे असतील तर बदली मागताना जनसंपर्काचे टेबल मागावे. शांत बसून आकडेमोड करण्याचे असतील तर लेखा शाखा मागावी. तीन महिन्यांत एकही चांगला दिवस सापडला नाही तर नव्या जागेचा शोध सुरू करावा, पण सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत राजीनामा देऊ नये. नव्या ठिकाणच्या मुलाखतीत पगाराबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : हे काम नीट झाले नाही तर सर्वांत आधी कोणाची अडचण होते? मुलाखत घेणाऱ्याला याचे उत्तर लगेच देता येते की नाही, यावरून त्या जागेविषयी बरेच काही कळते.