स्वतंत्र मानसोपचार तपासणीला जाताना : तयारीची यादी

चालू उपचारांशी संबंध नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायचं ठरलं, की आधी कागदावर एक ओळ लिहा: ही तपासणी नेमकी कशासाठी? निदानाबद्दल दुसरं मत हवंय, नोकरीवर पुन्हा रुजू व्हायचंय, न्यायालयात अहवाल द्यायचाय, की रुग्णालयात झालेल्या भरतीबद्दल दाद मागायचीय? हेतू बदलला की विचारायचे प्रश्नही बदलतात. अपंगत्वाचा दाखला हवा असेल तर खासगी अहवाल पुरत नाही. त्यासाठी यूडीआयडी या अपंगत्व ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून सरकारी तपासणीलाच जावं लागतं. तिथे आयडियाज मोजपट्टीवर स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व समज आणि काम या चार बाबी तपासतात, शिवाय आजार किती वर्षांचा आहे तेही धरतात.

तज्ज्ञ उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे भागीदार किंवा घरातल्या कुणाचे स्नेही नसावेत. सोलापूरसारख्या शहरात ओळखी निघतातच, तेव्हा वेळ घेतानाच स्पष्ट विचारा. फी किती, अहवाल लेखी मिळेल का आणि तो कुणाच्या हातात जाईल, हेही तेव्हाच विचारून घ्या. न्यायालयासाठीच्या तपासणीत रुग्ण जे बोलेल ते अहवालात येऊ शकतं, आणि हे रुग्णाला आधी सांगितलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त वेळ औषधांच्या यादीला द्या. चालू गोळ्यांच्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या, पण मेडिकलमधून कापून आणलेल्या तुकड्यांवर बहुतेक वेळा नाव आणि मिलिग्रॅम उरत नाही. म्हणून प्रिस्क्रिप्शनवरून नाव, डोस, कधीपासून आणि बंद केली असल्यास का, हे वेगळं उतरवून काढा. ‘हात थरथरत होते’, ‘महिन्याचा खर्च झेपेना’ ही कारणं निदानाइतकीच महत्त्वाची असतात. काढे, भस्मं, दम्याच्या किंवा सांध्यांच्या स्टेरॉइड गोळ्या लपवू नका. स्टेरॉइडने भ्रम आणि उन्माद दोन्ही होऊ शकतात. विडी दिवसाला किती, शिंदी किंवा दारू किती, हेही आकड्यात लिहा. विडीच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलांझापिन या मानसिक आजारावरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घटतं, तंबाखू चघळल्याने तसं होत नाही. भरती झाल्यावर विडी सुटली की तोच डोस जास्त पडतो आणि माणूस दिवसभर गुंगीत राहतो. लिथियमची गोळी चालू असेल तर तिचं प्रमाण तपासायला शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी रक्त द्या. सकाळची गोळी घेऊन दिलं तर आकडा उगाच वर दिसतो. थायरॉइड, साखर, बी-12, क्रिएटिनिन यांचे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. ‘खरा आजार दिसू दे’ म्हणून तपासणीआधी गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे, ते करू नका.

आजाराचा इतिहास एका पानात मावू द्या: साल, काय घडलं, किती दिवस टिकलं, कुणी पाहिलं. ‘वेड्यासारखं करतो’ असं न लिहिता ‘सलग चार रात्री झोपला नाही, पगार वाटून टाकला’ असं लिहा. सोबत मागच्या 14 दिवसांची झोप मांडा. यंत्रमागावर रात्रपाळी असेल तर तेही नोंदवा, नाहीतर पाळीमुळे उलटीसुलटी झालेली झोप आजाराच्या खात्यात जमा होते. आधीच्या निदानाचे कागद द्या, पण बोलायला सुरुवात निदानाच्या नावाने करू नका. तज्ज्ञाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. रुग्णाकडून उत्तरं पाठ करून घेणं तर अजिबात नको, त्याने तपासणीचा अर्थच जातो.

सोबत रोज घरात राहणारं एकच माणूस न्या. रुग्णाशी आधी एकट्याने बोलणं होईल, तेव्हा दाराशी थांबू नका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आजीला दुखणं तेलुगूत सांगता येत असेल, अक्कलकोटकडच्या मामांना कन्नडमध्ये, तर ती भाषा येणारे तज्ज्ञ शोधा किंवा दुभाष्या ठरवा. दुभाष्या वादातला नातलग नसावा आणि त्याने वाक्य ‘सुधारून’ सांगू नये. तुटक बोलणं तुटकच पोचलं पाहिजे.

प्रश्न भरतीचा असेल तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 मधली कलमं हाताशी ठेवा. कलम 89 खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (रुग्णाच्या वतीने नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर भरती करताना दोघांनी स्वतंत्रपणे तपासलेलं हवं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि तेही भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या 7 दिवसांत. ही भरती 30 दिवसांपर्यंत. पुढे ठेवायचं तर कलम 90 प्रमाणे दोन मानसोपचारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी लागते. एकाच मजकुराखाली दोन सह्या दिसल्या तर दोघांनी कधी, वेगवेगळं पाहिलं का, हे विचाराच. दाद मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे मागता येते आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून वकिलाची मोफत मदत मिळू शकते. कलम 25 खाली रुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

अहवाल हातात आला की आधी तारखा, डोस आणि नावं तपासा. दोन मतं जुळली नाहीत तर हवं ते मत उचलून दुसरं फेकू नका. दोन्ही डॉक्टरांना विचारा, की फरक कशामुळे पडला आणि तो कशाने मिटेल: महिनाभराच्या निरीक्षणाने, रक्ततपासणीने, की मानसशास्त्रीय चाचणीने?

वेळ मिळेपर्यंतच्या दिवसांत रुग्ण मरणाबद्दल बोलू लागला, जेवणपाणी सोडलं किंवा अंगावर धावू लागला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. औषधांची ती पिशवी तेव्हाही बरोबर घ्या.