तापाचा कितवा दिवस? पावसाळ्यात तालुक्याला रुजू होणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

सरकारी सेवेच्या बाँडच्या वर्षासाठी तुम्ही सिंधुदुर्गात येता तेव्हा लावणी चाललेली असते आणि निम्मी ओपीडी तापाची असते. डेंगी, लेप्टो (चिखलाच्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), मलेरिया, टायफॉइड, गणपतीनंतर स्क्रब टायफस (गवतातला माइट हा बारीक किडा चावून होणारा ताप). पहिल्या तीन दिवसांत हे सगळे एकसारखेच दिसतात: ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडी जीभ. मी इथे २८ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करते. दर वर्षी नवा डॉक्टर मला एकच विचारतो, ‘मॅडम, कुठली टेस्ट पाठवू?’ मी उलट विचारते, ‘तापाचा कितवा दिवस?’ बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

केसपेपरच्या पहिल्या ओळीत तापाचा दिवस लिहा. तक्रारीच्याही आधी. तो काढायला मात्र थोडी मेहनत आहे. ‘कधीपासून ताप आहे?’ असं विचारलंत तर प्रत्येक जण ‘दोन-तीन दिवस’ म्हणतो. त्याऐवजी विचारा, ‘अगदी ठणठणीत होतात तो शेवटचा दिवस कुठला? त्या दिवशी काय काम केलंत?’ आठवडी बाजार, एकादशी, गावातली लाइट गेली ती रात्र, कशाचाही आधार घ्या. पुरुष बरेचदा गोळी घेतली त्या दिवसापासून मोजतात, तेव्हा घरच्या बाईला वेगळं विचारा. पहिली कणकण आली तो पहिला दिवस. ताप मोजला तो नव्हे, दवाखान्यात आले तोही नव्हे.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पोफळीच्या बागेत काम करणारा तिशीतला माणूस आला, म्हणाला तिसरा दिवस. सकाळपासून ताप नव्हता, प्लेटलेट ९२ हजार, पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण) ४१. ताप उतरलाय, जेवतोय, म्हणून मी पॅरासिटामॉल देऊन परवा यायला सांगितलं. रात्री बाराला त्याला परत आणला. हात गार, नाडी १२०, ब्लडप्रेशर ९६/८०. माणूस पूर्ण शुद्धीवर, माझ्याशी नीट बोलत होता. ‘ताप गेलो, पण जीव घाबरता,’ एवढंच म्हणत होता. त्याची आई दारात उभी होती. ती म्हणाली, ‘मंगळवारीच तेका कणकण होती.’ म्हणजे मी पाहिला तो पाचवा दिवस होता, आणि उतरलेला ताप हे बरं होण्याचं नव्हे, धोक्याचं लक्षण होतं. सलाइन वेळेवर लागलं आणि तो वाचला. पण ती रात्र माझ्या मनातून गेलेली नाही, आणि तुमच्या वाट्याला ती येऊ नये असं मला फार वाटतं.

डेंगीत धोका तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये, बहुधा ताप उतरता उतरता येतो. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं. हा काळ २४ ते ४८ तासांचा. प्लेटलेटकडे सगळं गाव बघत असतं. तुम्ही पीसीव्ही बघा. पहिल्या भेटीतला आकडा ३८ असेल आणि आज ४६ असेल, तर ती वीस टक्क्यांवर वाढ आहे आणि झिरपणं चालू आहे. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेल्या रुग्णाचंही एक सीबीसी करून ठेवावं. पुढे तुलनेला तोच आकडा लागतो. ब्लडप्रेशरचे दोन्ही आकडे लिहा, वरचा एकटा नको. दोन्हींतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की तो शॉक आहे, वरचा आकडा ११० असला तरी. नखावर दाबून सोडा. दोन सेकंदांत लाली परत आली पाहिजे. शेवटची लघवी कधी झाली ते विचारा. सहा तास झाले म्हणाला तर घरी सोडू नका.

पोटात सतत दुखणं, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पाळी वेळेआधी किंवा जास्त जाणं, गळून जाणं किंवा उगाच तळमळणं, हाताला लागणारं यकृत: यांतलं एकही असलं तर भरती. सलाइन नॉर्मल किंवा रिंगर लॅक्टेट, किलोला ताशी ५ ते ७ मिली, एक-दोन तास. मग तपासून ३ ते ५ वर, मग २ ते ३ वर आणायचं. साठ किलोच्या माणसाला पहिल्या तासात साधारण ३०० ते ४२० मिली. प्रत्यक्ष शॉकमध्ये असेल तर यापेक्षा वेगाने द्यावं लागतं. ते देता देताच वरच्या रुग्णालयात फोन करा. बाटली लावून जेवायला जाऊ नका. दर तासाला नाडी, ब्लडप्रेशर, लघवी बघा, आणि आकडे सुधारले की थेंब कमी करा. बाहेर गेलेलं पाणी एक-दोन दिवसांत आपणहून रक्तात परत येतं. नाडी संथ होते, भूक लागते, पायांवर लाल पुरळ उठून मध्ये पांढरे ठिपके राहतात, अंगाला खाज सुटते. तेव्हाही सलाइन चालूच राहिलं तर तेच पाणी फुप्फुसात भरतं. हा अपघात सलाइन न मिळाल्याने नव्हे, प्रेमाने जास्त दिल्याने होतो.

प्लेटलेट १० हजारांच्या वर आहेत आणि रक्तस्राव नाही, तर केवळ आकड्यासाठी पिशवी चढवायची गरज नसते. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांच्याशी बसून बोला. यंत्राने अचानक फार कमी आकडा दिला तर स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली बघा, कधी कधी प्लेटलेटच्या गुठळ्याच यंत्राला मोजता येत नाहीत. आणि ताप उतरवायला डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायचं नाही. ‘सुई मारा’ असा आग्रह होतो, तो मोडावा लागतो. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिनही नको. पॅरासिटामॉल आणि मीठ घातलेली पेज, ओआरएस. कोकणातल्या घरात पेज शिजतेच, ती दर तासाला वाटीभर प्यायला सांगा.

कुठली टेस्ट, याचं उत्तर आता दिवसानेच मिळतं. डेंगीचं एनएस-१, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाची तपासणी, पहिल्या पाच दिवसांत. आयजीएम, म्हणजे शरीराने बनवलेल्या प्रतिद्रव्यांची तपासणी, साधारण पाचव्या दिवसानंतर. सहाव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आलं म्हणून ‘डेंगी नाही’ असं लिहिणं चूक. लेप्टोचं आणि स्क्रबचं आयजीएमही पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकतं. टायफॉइडचं ब्लड कल्चर पहिल्या आठवड्यात सर्वांत उपयोगी, आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी. विडाल ही प्रतिद्रव्यांची तपासणी एकदाच करून टायफॉइड ठरवू नका. इथे अनेकांच्या रक्तात जुन्या संसर्गाचे अंश असतात, आणि तिसऱ्या दिवशीच्या ‘पॉझिटिव्ह’ विडालवर उपचार सुरू झालेले डेंगीचे आणि लेप्टोचे रुग्ण मी पुष्कळ पाहिलेत. मलेरियाला मात्र दिवस बघायचा नाही. प्रत्येक तापाचा स्मिअर, आणि पहिला निगेटिव्ह आला तरी ताप असेपर्यंत पुन्हा. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, तेव्हा प्रवासाचं विचारा. मलेरियाचं रॅपिड कार्ड महिन्याभरापूर्वी उपचार झालेल्या फाल्सिपेरम जातीच्या मलेरियालाही पॉझिटिव्ह राहू शकतं. अशा वेळी स्मिअरवरच विश्वास ठेवा. व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीसाठी दिलेल्या प्रायमाक्विनच्या १४ दिवसांच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी ताप गेला की बंद पडतात आणि मलेरिया उलटतो. रक्तातलं जी-६-पीडी हे एन्झाइम तपासून गोळ्या द्या, गरोदर बाईला देऊ नका, आणि घरातल्या एखाद्या माणसावर त्या मोजून द्यायची जबाबदारी सोपवा.

आता हात लावून तपासणी. स्क्रब टायफस केसपेपरवरून सापडत नाही, कपडे काढून सापडतो. माइट चावलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली असते, भोवती लालसर कडा. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला पत्ता नसतो. ती झाकलेल्या जागी असते: काखेत, जांघेत, स्तनाखाली, परकराच्या नाडीखाली, पुरुषांत करदोड्याच्या रेषेत, कानामागे, केसांत. ऑक्टोबरात गवत कापणाऱ्या एका बाईंना नवव्या दिवशी धाप लागलेली, लिव्हरची एन्झाइम्स वाढलेली, सगळे रिपोर्ट गोंधळात टाकणारे. सिस्टरला बरोबर घेतलं, पडदा ओढला, आणि नाडीच्या गाठीखाली ती खपली होती. डॉक्सीसायक्लिन सुरू केलं, दुसऱ्या रात्री ताप उतरला. बाईंना लाज वाटते, आपल्यालाही संकोच असतो. पण त्या दोन मिनिटांनी जे कळतं ते हजार रुपयांच्या तपासण्यांनी कळत नाही. खपली नसली म्हणून स्क्रब नाही असं मात्र समजू नका.

लेप्टोसाठी पोटऱ्या दाबा. लावणी करणाऱ्याचं अंग दुखतंच, मग फरक कसा करायचा? लावणीचं दुखणं कंबरेत आणि मांड्यांत जास्त. लेप्टोत पोटरी हलकेच दाबली तरी माणूस पाय ओढून घेतो. डोळे लाल असतात, पण चिपडं नसतात. पायांच्या भेगा आणि बोटांमधली चिखली बघा, जंतू तिथून शिरतात. पाण्यात उतरल्यापासून ताप यायला बहुधा एक ते दोन आठवडे लागतात, तेव्हा इथे दिवस मागे मोजायचे: दहा-बारा दिवसांपूर्वी कुठे होतात? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात लेप्टोची साथ आली. गावात पूर ओसरला की मी कॅलेंडरवर पुढच्या दोन आठवड्यांना खूण करून ठेवते.

लेप्टोत बिलिरुबिन खूप चढतं, पण एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइम्स त्या मानाने थोडीच. काविळीच्या विषाणूंमध्ये हे उलटं असतं. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन चढतं. लघवी होत असली तरी किडनी बिघडलेली असू शकते आणि रक्तात पोटॅशियम कमी सापडतं, तेव्हा नुसत्या लघवीवर निर्धास्त राहू नका. मला सर्वांत भीती फुप्फुसाची वाटते. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, अंदाजे लिहू नका. रुग्णाला वॉर्डात चार फेऱ्या चालवा आणि ऑक्सिमीटर लावा. श्वास २४ च्या वर, चालल्यावर सॅच्युरेशन पडणं किंवा थुंकीत रक्ताची रेघ दिसली की वाट बघू नका; फुप्फुसातला रक्तस्राव काही तासांत वाढतो आणि तालुक्याला व्हेंटिलेटरची सोय असेलच असं नाही.

चिखलात किंवा गवतात काम, ताप पाचव्या दिवसाच्या पुढे, मलेरियाचा स्मिअर निगेटिव्ह, दुसरं कारण सापडत नाही: अशा मोठ्या माणसाला मी रिपोर्टसाठी थांबत नाही. डॉक्सीसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, ७ दिवस. हे लेप्टो आणि स्क्रब दोन्हींवर चालतं. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर, आणि गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन. लेप्टो गंभीर असेल तर शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन. सेफ्ट्रिॲक्सोन स्क्रबवर भरवशाचं नाही, म्हणून गंभीर रुग्णात दोन्हींची शंका असेल तर डॉक्सी सोडू नका. गंभीर स्क्रबमध्ये शिरेतून डॉक्सी आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र देणं एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरतं, हे २०२३ साली भारतातल्याच रुग्णालयांत झालेल्या अभ्यासातून पुढे आलं.

औषध सुरू केलं त्या दिवसापासून पुन्हा एक मोजणी सुरू होते. स्क्रबचा ताप डॉक्सीने बहुधा ४८ तासांत उतरतो. उतरला नाही तर निदान पुन्हा तपासा. टायफॉइडचा ताप योग्य औषधावरही चार-पाच दिवस, कधी आठवडाही राहतो, म्हणून तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बदलू नका. आणि तीन आठवडे उलटले तर पावसाळ्याचा विचार सोडून द्या. छातीचा एक्स-रे, थुंकी, पोटाची सोनोग्राफी, एचआयव्ही, साखर. आपल्याकडे अशा वेळी पहिला विचार टीबीचा.

डिसेंबरपासून काजूच्या हंगामात दोडामार्ग, सावंतवाडीच्या बाजूने ताप आला तर बागेत किंवा रानात माकड मेलेलं दिसलं का, गोचीड चावली होती का, हे विचारा. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप २०१६ पासून आपल्या जिल्ह्यात दिसतो. त्याचं पीसीआर (विषाणू शोधणारी तपासणी) सुरुवातीच्या दिवसांतच पाठवावं लागतं. शिवाय तो एकदा उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी परत येऊ शकतो, तेव्हा झटके, गोंधळलेपण दिसतं. सुटी देताना घरच्यांना हे सांगा.

रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीवर ‘ताप, रेफर्ड’ एवढंच लिहू नका. तापाचा दिवस, दोन पीसीव्ही तारखेसह, ब्लडप्रेशरचे दोन्ही आकडे, श्वास, शेवटची लघवी, किती सलाइन किती वाजेपर्यंत गेलं, अँटिबायोटिकचा पहिला डोस किती वाजता. अँब्युलन्स निघण्याआधी समोरच्या डॉक्टरला फोन करा, आणि तुमचा नंबर नातेवाइकाच्या हातात द्या. रात्री तो वाजेल. उचला.