स्वादुपिंडाच्या कॅन्सरची तयारी, आणि पहिल्या घासाची कॅप्सूल

हॉस्पिटलला पहिल्यांदा जाताना आधार कार्ड, रेशनकार्ड, जुन्या फायली हे सगळे नेतातच. सीटी स्कॅनची सीडी मात्र हवीच, नुसता रिपोर्ट चालत नाही. गाठ शेजारच्या रक्तवाहिन्यांना किती चिकटली आहे ते सर्जन स्वतः बघतात आणि त्यावरूनच ठरतं: लगेच व्हिपल शस्त्रक्रिया (गाठीसकट स्वादुपिंडाचा डोक्याकडचा भाग काढणं), आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, की फक्त केमो. बायोप्सी दुसरीकडे झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) मागून घ्या. परळच्या टाटा रुग्णालयात ते पुन्हा तपासतात. बीआरसीए जनुकाच्या तपासणीबद्दल विचारा, त्यातला दोष वारशाने येऊ शकतो. दोष निघाला तर औषधांची निवड बदलू शकते, आणि भावंडांनाही ते कळायला हवं.

कावीळ झाली असेल तर पित्तनळीत स्टेंट, म्हणजे पित्ताला वाट देणारी छोटी नळी, बसतो. प्लॅस्टिकचा की धातूचा, हे फायलीवर ठळक लिहून ठेवा. प्लॅस्टिकचा साधारण तीन महिन्यांत तुंबतो. स्टेंटनंतर थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. सीए १९-९ (या कॅन्सरसाठी रक्तात मोजतात तो मार्कर) नुसत्या काविळीनेही वाढतो, तो आकडा बघून रात्र जागवू नका.

आता एन्झाइमच्या, म्हणजे पाचकरसाच्या कॅप्सूल. आमच्याकडे मागच्या वेळी हेच राहिलं, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते. स्वादुपिंडातून पाचकरस येईनासा झाला की खाल्लेलं अंगी लागत नाही. मळ तेलकट, फिकट, उग्र वासाचा, पाणी ओतलं तरी न जाणारा. पोट फुगतं, वजन उतरतं. घरातले म्हणतात केमोचा त्रास आहे, आणि तूप बंद करून पेजेवर आणतात. तूप बंद करू नका, कॅप्सूल सुरू करा. डॉक्टरांनी विषय काढला नाही तर तुम्ही काढा. जेवणाला ५०,००० एकक आणि मधल्या खाण्याला २५,००० अशी सुरुवात बऱ्याचदा करतात, पुढे मळ आणि वजन बघून डॉक्टर वाढवतात.

पहिल्या घासाबरोबर. जेवण झाल्यावर नाही, इतर गोळ्यांबरोबर सकाळ-संध्याकाळ नाही, पहिल्या घासाबरोबर. जेवण लांबलं तर उरलेली मध्येच. चावायची नाही, गरम चहाबरोबर गिळायची नाही. दुधाच्या पेल्याला, शेंगदाण्याच्या लाडवालाही लागते. फळाला आणि कोऱ्या चहाला नाही. डबी ओट्यावर गॅसजवळ ठेवू नका, उष्णतेने औषध निकामी होतं. एक पट्टी पर्समध्ये असू द्या. ही कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते. शाकाहारी किंवा मुस्लिम घरात हे आधीच बोलून घ्या, नाहीतर पेशंट गुपचूप गोळी टाकून देतो आणि वजन का घटतंय ते कुणालाच कळत नाही.

केमो. फोल्फिरिनॉक्स (केमोच्या अनेक औषधांचा एक संच) असेल तर त्यातल्या ऑक्सॅलिप्लॅटिनमुळे पुढचे काही दिवस गार वस्तू हाताला आणि घशाला झोंबतात. फ्रिजचं पाणी नको, कॅप्सूलही साध्या पाण्याबरोबरच. थर्मामीटर घरात हवा: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप म्हणजे हॉस्पिटलला फोन, लगेच. एक पाय सुजला तर रक्ताची गुठळी असू शकते, तोही फोन. साखर घरी तपासत राहा, या आजारात मधुमेह नव्याने होऊ शकतो.

दुखणं सहन करायला लावू नका. पॅलिएटिव्ह विभागात, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या विभागात, पहिल्याच आठवड्यात नाव घाला. तिथे जाणं म्हणजे उपचार सोडणं नव्हे. मॉर्फिनच्या गोळ्या असतात, पाठीत जाणाऱ्या कळांसाठी सीलिअॅक ब्लॉक (पोटामागच्या नसांजवळ दिलेलं इंजेक्शन) असतो. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून.

खाणं अगदी कमी झालं तरी जे खातील त्याला कॅप्सूल. मॉर्फिन प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळत नाही. दिवाळीच्या सुट्ट्यांआधी साठा मोजा.