गांधीलमाशी की मधमाशी? फवारणीवाल्याला फोन करण्याआधी या चुका टाळा

मागच्या मार्चमध्ये आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्याच्या सज्जाखाली मोहोळ बसलं. ‘गांधीलमाश्या झाल्यात’ असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं आणि सकाळी अकराला फवारणीवाला हजर झाला. त्या होत्या आग्या मधमाश्या. तासाभरात पार्किंगमध्ये तिघांना डंख बसले, आणि चरायला गेलेल्या माश्या परत येऊन पुढे कितीतरी दिवस त्याच जागी घोंघावत राहिल्या.

मूळ चूक फवारणीच्या आधीच झाली होती. उडती माशी बघून नाव ठरवलं होतं. घाबरलेल्या माणसाला कुठलीही माशी दुप्पट मोठी दिसते. पोळं मात्र जागचं हलत नाही, म्हणून लांब उभं राहून मोबाईलचा कॅमेरा झूम करा आणि पोळं बघा.

सज्जाखाली, पाण्याच्या टाकीला किंवा उंच झाडाला उघड्यावर लटकलेलं एकच भलंमोठं पोळं, त्यावर माश्यांचा गच्च थर, आणि मधूनच त्या थरावरून सरसरत जाणारी लाट, हे दिसलं तर ते आग्या मोहोळ. लाट म्हणजे कुणीतरी जवळ आल्याची त्यांनी घेतलेली दखल. तुम्ही मागे फिरा. वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि गाड्यांच्या काचांवर बारीक पिवळे ठिपके पडायला लागले, तर बहुधा आसपास मोहोळ आहे. ती माश्यांची विष्ठा असते.

मेंदीच्या कुंपणात तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ती फुलोरी मधमाशी. भिंतीच्या भोकातून किंवा मीटरच्या पेटीतून ये-जा चालली असेल तर ती सातेरी मधमाशी. तिची पोळी आत अंधारात, एकाशेजारी एक. हा फरक कामाचा आहे, कारण सातेरी वसाहत मधपाळ पेटीत भरून नेऊ शकतो. आग्या पेटीत राहत नाही, तिच्यासाठी ते काम येणाराच माणूस लागतो.

गांधीलमाशीचं पोळं कागदी असतं. लाकूड चावून केलेल्या लगद्याचं, राखाडी, बारीक देठावर लोंबणारं आणि खाली तोंड असलेल्या खणांचं. मध शोधू नका, मिळणार नाही. ही माशी अंगाने गुळगुळीत, कमरेत अगदी बारीक. पोळं रुपयाच्या नाण्याएवढं असतानाच लक्ष द्यावं. तळहाताएवढं झाल्यावर झाडू घेऊन स्टुलावर चढणं हा शुद्ध वेडेपणा, कारण तिची नांगी तुटत नाही आणि एकच माशी चार वेळा डसू शकते.

सगळ्यात अन्याय होतो तो कुंभारीण माशीवर. भिंतीवर, पुस्तकाच्या कडेला, कधी प्लगच्या भोकात मातीचं घर करणारी ही माशी एकटी राहते. राखायला वसाहत नसते, त्यामुळे ती अंगावर येत नाही. पकडली तरच डसते. मातीच्या खोलीत ती डसून लुळी केलेली अळी किंवा कोळी ठेवते, वर अंडं घालते आणि तोंड लिंपते. आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, हे बघून जुन्या लोकांना वाटलं की माशीचं ध्यान करून अळीचीच माशी झाली. संतसाहित्यातला कीटक-भृंगीचा दृष्टांत तो हाच. प्रत्यक्षात अळी पिल्लाच्या पोटात जाते! घर रिकामं झालं की चमच्याने खरवडून काढा.

लाकडी वाशात किंवा बांबूत गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर तो काळा भुंगा. तोंडासमोर येऊन गुरगुरणारा बहुतेक वेळा नर असतो, आणि नराला नांगीच नसते.

आता डंख बसल्यावरच्या चुका. मधमाशीची नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीत राहते आणि तुटल्यावरही विष सोडत राहते. चिमटा शोधण्यात वेळ घालवू नका. नखाने काढा, ओढून काढा, पण लगेच. 1996 साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या प्रयोगातही पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा ठरला होता. चुना लावणं, लोखंडी किल्ली घासणं हे आपल्याकडे हमखास होतं. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, तिथवर चुना पोचत नाही, वरची कातडी तेवढी भाजते. साबण-पाण्याने धुवा आणि बर्फ फडक्यात गुंडाळून लावा. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, धाप लागली किंवा चक्कर आली तर घरचं औषध थांबवा आणि 108 ला फोन करा. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल आणि डंख बरेच असतील, तर लक्षणांची वाटच बघू नका.

माश्या मागे लागल्या तर हात झटकू नका आणि चिरडू नका. डंखाच्या जागी राहिलेला वास बाकीच्यांना बोलावतो. तोंड झाकून बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात.

आणि रात्री बाल्कनीचा दिवा बंद ठेवा. आग्या माश्या रात्रीही उडतात, उजेडाकडे येतात आणि सकाळी अनवाणी पायाखाली सापडतात.

आमच्या सज्जावर डिसेंबरात पुन्हा मोहोळ आलं, अगदी त्याच जागी, कारण जुनं मेण कुणी खरवडलंच नव्हतं. या वेळी खालची दोन पार्किंगं दोरी बांधून बंद केली आहेत. पावसाच्या तोंडाला त्या आपणहून निघून गेल्या की सेक्रेटरी मेण काढून तिथे रंग मारणार आहेत.