फाळक्याच्या बिजागऱ्यांचा गंज: घासू नका, बादलीत टाका

जुन्या पिकअपच्या फाळक्याच्या बिजागऱ्या, साखळीचे हूक, ब्रॅकेट यांच्या खाचांतला गंज ग्राइंडरने निघत नाही. उलट चांगला पत्रा झिजतो. त्याऐवजी सोड्याच्या पाण्यातून वीज सोडून (इलेक्ट्रोलिसिसने) तो काढा.

१. २० लिटरच्या प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि ४-५ मोठे चमचे धुण्याचा सोडा. मीठ अजिबात नको, क्लोरीन सुटतो.
२. कडेने साध्या लोखंडी सळईचे ४-५ तुकडे उभे करून तारेने एकमेकांना जोडा. एकच सळई लावली तर समोरची बाजू साफ होते, मागची तशीच राहते.
३. ग्रीस पुसलेला भाग मधोमध टांगा. सळईला टेकला की शॉर्ट.
४. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची निगेटिव्ह क्लिप गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह सळयांना. उलटं लावलंत तर बिजागरीच विरघळेल! चार्जर साधा, जुन्या पद्धतीचा हवा. ऑटोमॅटिक चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय सुरूच होत नाही.
५. बारीक बुडबुडे दिसले की रात्रभर ठेवा. सकाळी उरलेला काळा थर तारेच्या ब्रशने सहज निघतो. धुऊन लगेच हीट गनने सुकवा आणि त्याच दिवशी प्रायमर मारा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस झाक येते.

ॲल्युमिनियमचे भाग (कार्बोरेटर वगैरे) यात टाकू नका, खाल्ले जातात. पाट्याच्या स्प्रिंगही नकोत, ठिसूळ होऊ शकतात.

सावधान: हायड्रोजन सुटतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवा आणि क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करा. सळईऐवजी स्टेनलेस स्टील वापरू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं.