परसातल्या तळ्यात हिरवे केस झालेत? औषध राहू द्या, आधी त्याचं जेवण बंद करा

मार्च लागला की आमच्या अमळनेरात दोन गोष्टी हमखास होतात, कुलर माळ्यावरून खाली येतो आणि परसातल्या तळ्यात हिरवे केस उगवतात. केसच म्हणतो मी, कारण शेजारच्या आजीनं पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिनं विचारलं होतं, "भाऊ, पानीमा ह्या केस कसा उगी ऱ्हायनात?" जुन्या माणसांच्या तोंडात ळ चा य होतो त्यामुळे शेवाळाचं शेवाय, पण हे भिंतीवरचं घसरडं शेवाळ नाही, हे लांब धाग्यांचं, दगडाला धरून वाढणारं आणि पंपाच्या जाळीत गुंतून पंप बंद पाडणारं.

चार उन्हाळे याच्याशी मारामारी केल्यावर जे कळलं ते सांगतो. माझं तळं 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 2 फूट खोल, त्यात गोल्डफिश, थोडे गप्पी आणि दोन कुंड्या कुमुदिनीच्या.

आधी नक्की तेच आहे का बघा

काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घ्या आणि उजेडात धरा. ग्लासातलं पाणीच हिरवं दिसलं तर ते तरंगणारं बारीक शेवाळ, त्याचं प्रकरण वेगळं. पाणी नितळ आणि तळ्यात मात्र धाग्यांच्या जटा, तर मग हा लेख तुमच्यासाठी. हा फरक पैशाचा आहे बरं का. दुकानात गेलात की यूव्ही दिवा गळ्यात मारतात, आणि तो दिवा काम करतो पण फक्त त्याच्यातून वाहत जाणाऱ्या शेवाळावर. आपलं हे दगडाला चिकटून बसलेलं, ते दिव्यापर्यंत जातंच कशाला.

धागे बोटात चोळून बघा. रेशमासारखे बुळबुळीत लागले तर बहुतेक स्पायरोगायरा, तेच ते शाळेत जीवशास्त्राच्या वहीत स्प्रिंगसारखं काढायचो ते. ओल्या कापसासारखे खरबरीत लागले तर क्लॅडोफोरा असू शकतं. दोन्हीवर उपाय एकच, फक्त खरबरीतवालं दगड लवकर सोडत नाही.

आता मुद्द्याचं: हे खातं काय?

ऊन आणि खत. उन्हाची आपल्या खान्देशात काय कमी, मे महिन्यात पारा 45 च्या आसपास खेळतो. पण खत कुठून येतं हे मला दोन वर्षं कळलं नव्हतं, मी आपला माशांच्या खाद्याला दोष देत बसलो. मग एका दुपारी हिशोब मांडला, तो तुम्ही पण तुमच्या तळ्याचा मांडा.

लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, सगळं फुटात. माझं 120 घनफूट. एका घनफुटात साधारण 28.3 लिटर, म्हणजे 3,400 लिटर झालं. मे महिन्यात ती भट्टीसारखी हवा सुटली की माझ्या तळ्याची पातळी रोज अर्धा इंच उतरते, म्हणजे रोज 70 लिटर पाणी उडालं, आणि मी संध्याकाळी बोअरचा पाइप लावून तेवढं भरून टाकायचो. महिन्याचे 2,100 लिटर. उडून जातं ते नुसतं पाणी, त्यातले क्षार, नायट्रेट (पाण्यात विरघळलेलं नत्र) सगळं तळ्यातच राहतं, रोज थोडं थोडं साचतं. आपल्याकडे केळी-कापसाचा पट्टा, वर्षानुवर्षं टाकलेला युरिया जमिनीत मुरलेला, तो बोअरमध्ये येणारच. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. समजा तुमच्या बोअरमध्ये 40 आहे, म्हणजे पाणी पिण्यालायकच आहे, तरी 2,100 लिटरमधून महिन्याला 84 ग्रॅम नायट्रेट तळ्यात पडलं. त्यातल्या नत्राचा हिशोब केला तर तो 40 ग्रॅम युरियाइतका होतो. दर महिन्याला एक मूठ युरिया मीच माझ्या हातानं तळ्यात टाकत होतो आणि वर विचारत होतो की शेवाळ का येतं!

म्हणून नुसती भर घालत राहू नका, पाणी बदला. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के जुनं पाणी काढायचं, माझ्याकडे ते 500 लिटर होतं, आणि ते गटारीत नाही हं, वांग्याच्या आळ्यात आणि लिंबाच्या झाडाला, भरताची वांगी अशी लागतात की बस. नवीन पाणी जमलं तर पावसाचं साठवलेलं किंवा नळाचं. नळाचं असेल तर उघड्या ड्रममध्ये एक दिवस उन्हात ठेवा, क्लोरीन उडून जातो, नाहीतर माशांना त्रास. बोअरशिवाय पर्यायच नसेल तर बोअरचं घ्या, बदललेलं पाणी साचलेल्यापेक्षा बरंच असतं. नायट्रेट तपासायचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं, ते तळ्याच्या नाही, बोअरच्या पाण्यावर वापरा. तळ्यात तपासलं तर कधीकधी शून्य दाखवतं आणि आपण खूश होतो, पण ते शून्य यासाठी की सगळं शेवाळानं आधीच खाऊन टाकलंय.

हातानं काढायचं, आणि काढायची पण एक पद्धत आहे

औषध काही असो, पहिल्यांदा जटा हातानंच काढाव्या लागतात. यासाठी सगळ्यात भारी हत्यार म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली काडी, शेताच्या बांधावर फुकट पडलेली असते. तिच्या बारीक फांद्या वीतभर ठेवून बाकीच्या मोडा, पाण्यात घाला आणि एकाच दिशेनं हळूहळू फिरवा, शेवया काट्यावर गुंडाळल्यासारखं शेवाळ गुंडाळत येतं. ओढायचं नाही. ओढलं की धागा मधेच तुटतो, तुकडे तळ्यात पसरतात आणि प्रत्येक तुकडा नवा संसार मांडतो. फिरवत फिरवत हाताला जड लागलं की मग सावकाश वर घ्या. पहिल्या दिवशी मी दोन घमेली काढली होती, त्याला पावसातल्या चिखलासारखा वास येतो, वाईट नाही पण हाताचा जात नाही.

काढलेला गोळा लगेच फेकू नका. तळ्याच्याच पाण्यानं भरलेल्या टबमध्ये दोन-चारदा हलवा, त्यात अडकलेली गप्पीची पिल्लं, गोगलगायी, बेडकाची पिल्लं सुटतात, ती परत तळ्यात. जे दगड सहज निघतात ते काढून गच्चीवर ठेवा, मे मधल्या स्लॅबवर दोन दिवसात शेवाळ कागदासारखं वाळतं आणि ब्रशनं झडतं. यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

एका दिवसात सगळं साफ करायचा हट्ट नको. एक तृतीयांश आज, मग आठवड्यानं पुढचं. चिकटलेल्या त्याच शेवाळावर पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू पण असतात.

सावली

11 ते 4 एवढंच ऊन अडवा. नर्सरीवाले लावतात ती 50 टक्केवाली हिरवी शेडनेट चार बांबूंवर बांधली की झालं, फक्त पश्चिमेकडून जास्त खाली घ्या कारण दुपारचं ऊन तिकडून येतं. पूर्ण वेळ झाकू नका, कुमुदिनीला फुलायला पाच-सहा तास ऊन लागतं, ते सकाळचं मिळू द्या. पानांनी पाण्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग झाकला गेला की नेटची गरजही कमी होते.

निंबाच्या झाडाखाली तळं असेल तर सावली मिळते पण फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सगळी पानं पाण्यात, ती कुजली की पुन्हा खतच. तेवढे दोन महिने वरून जाळी टाका.

शेवाळाच्या तोंडचा घास पळवणारी झाडं

कर्दळ. दुसरं काही नाही लावलं तरी चालेल. कंद धुवून, माती न घेता, नुसत्या खडीच्या कुंडीत बसवा आणि कुंडी पाण्यात अर्धी बुडेल अशी काठाला ठेवा, मुळं थेट पाण्यातलं नत्र ओढतात. अळू आणि वाळा पण असेच चालतात. कुंडीत शेणखत घालायचा मोह होतो, घालू नका, सगळं मुसळ केरात. जलपर्णी झपाट्यानं काम करते हे खरं, पण ती दर आठवड्याला उपसावी लागते आणि एक रोप जरी नाल्यात गेलं तरी पुढे नदी झाकते, मी ठेवत नाही.

खाद्य आणि पंप

माशांना दोन-तीन मिनिटात संपेल एवढंच द्या. पाहुण्यांची पोरं मुरमुरे, पोळीचे तुकडे टाकतात, कौतुकानं बघत बसू नका. फिल्टरचा स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळा, नळाखाली धुतला तर त्यातले कामाचे जिवाणू मरतात.

पंप रात्री बंद करता का? मी पण करायचो, लाइट बिलासाठी. आता गणित बघा, 40 वॅटचा पंप 24 तास चालला तरी दिवसाला एक युनिट पण होत नाही. शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं पण रात्री तेच ऑक्सिजन घेतं, आणि कोमट पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाला लिटरमध्ये साधारण 9 मिलिग्रॅम तर 35 अंशाला 7. म्हणून मासे भर दुपारी नाही, पहाटे मरतात. पहाटे 5 ला टॉर्च घेऊन बघा, मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर समजा ऑक्सिजन कमी पडतोय, पाणी हलवायला पंप रात्रीही चालू हवा.

काय टाकू नये

हे मी मार खाऊन शिकलोय. समोरचे आप्पा शेतकरी माणूस, त्यांनी सांगितलं, "मोरचूद टाकी दे, समदं साफ व्हई जाई." झाडांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं घरात होतंच, अंदाजानं चिमूट-चिमूट करत टाकलं. तिसऱ्या दिवशी शेवाळ खरंच पिवळं पडून सुटलं, आणि चौथ्या पहाटे पाच गोल्डफिश आडवे. गोगलगायी तर सगळ्या गेल्या, आणि त्याच बिचाऱ्या शेवाळ खात होत्या. मोरचुदातलं तांबं माशांच्या कल्ल्यांना लागतं, त्यात मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं. शिवाय तांबं उडून जात नाही, गाळात बसतं.

खडेमीठही उडून जात नाही आणि कुमुदिनी जाळतं. तुरटी गढूळपणा बसवते, पण धागे तसेच ठेवते, वरून पाणी आम्लधर्मी करते. जवाच्या काडाचा गठ्ठा सोडायची पद्धत परदेशात चालते, तो हळूहळू कुजायला कित्येक आठवडे लागतात आणि आलेलं शेवाळ त्यानं मरत नाही, नवीन यायचं कमी होतं. आपल्याकडे जव मिळत नाही म्हणून गव्हाचं काड टाकू नका, ते तेवढं काम करत नाही आणि कुजून वास मात्र मारतं.

केव्हा सुरुवात करायची

संक्रांत झाली की. कुमुदिनीची पानं अजून लहान असतात, ऊन चढायला लागतं, पाणी नितळ असतं, शेवाळाला रान मोकळं. तेव्हा आठवड्याला दहा मिनिटं पऱ्हाटी फिरवली की मार्चमध्ये घमेली उपसावी लागत नाहीत. पहिल्या पावसात लॉनवरचं, शेताकडचं पाणी तळ्यात वाहून येणार नाही असा काठ वीतभर उंच करून घ्या. भिंतीवर जी नखाएवढी हिरवी मखमल राहते ती घासू नका, मासे दिवसभर तीच चरतात.

आणि काढलेलं शेवाळ वाळवून कंपोस्टच्या खड्ड्यात पाचटाबरोबर थर देऊन टाका, नत्र भरपूर असतं त्यात. आमच्याकडे हल्ली ते खड्ड्यापर्यंत पोचतच नाही, रविवारी सकाळी आप्पाच रिकामं घमेलं घेऊन फाटकात उभे असतात, "भाऊ, शेवाय शे का?"